जर्मनीचं दालन : व्हेनिस बिएनालेतली एक नकोशी वास्तू

अनवट वाट

व्हेनिस बिएनालेबद्दल, म्हणजे इटलीतल्या व्हेनिस शहरात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाबद्दल, मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक कलाकारांबद्दल असतं. मला इथे एका इमारतीबद्दल लिहायचंय. ज्या देशाची ती आहे त्याच देशाच्या निमंत्रणावरून आलेल्या कलाकारांनी तिची फरशी फोडली, तिच्या पोटात भोक पाडलं, तिच्या भिंतींचा गिलावा खरवडला, तिचं मुख्य दार मातीने बंद केलं. तरी ती जागची हललेली नाही. ही इमारत म्हणजे जर्मनीचं राष्ट्रीय दालन.

आधी थोडी पार्श्वभूमी. बिएनाले १८९५ साली सुरू झाली. सुरुवातीला सगळ्या देशांची कामं एकाच मोठ्या इमारतीत लागत. १९०७ मध्ये बेल्जियमने त्याच बागेत, म्हणजे जार्दिनीत, स्वतःचं वेगळं दालन बांधलं आणि मग इतरांनाही तसंच हवंसं झालं. १९०९ मध्ये हंगेरी आणि ब्रिटन आले, आणि त्याच वर्षी बव्हेरिया आला. तेव्हा म्युनिक हे चित्रकारांचं मोठं केंद्र होतं आणि तिथल्या सेसेशन गटाची चित्रं व्हेनिसमध्ये नेहमी लागत, म्हणून दालन अख्ख्या जर्मनीच्या नव्हे तर बव्हेरियाच्या नावाने उभं राहिलं. दानिएले दोंगी या इटालियन वास्तुविशारदाने ते ग्रीक देवळाच्या धर्तीवर बांधलं : गोल खांब, वर त्रिकोणी दर्शनी भाग, नाजूक प्रमाणं. १९१२ मध्ये ते जर्मनीचं दालन झालं.

जून १९३४ मध्ये हिटलर मुसोलिनीला पहिल्यांदा भेटला तो व्हेनिसमध्येच. त्या दौऱ्यात त्याने बिएनालेही पाहिली आणि त्या भेटीचे फोटो निघाले. त्यातला एक फोटो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९३८ मध्ये म्युनिकच्या अर्न्स्ट हायगर या वास्तुविशारदाकडून दालनाचं रूप पालटून घेण्यात आलं. गोल खांब गेले, त्रिकोण गेला. त्यांच्या जागी उंच चौकोनी खांब आले आणि वर मोठ्या अक्षरांत कोरलेलं 'GERMANIA', म्हणजे जर्मानिया, हे नाव. दारावर गरुड आणि स्वस्तिक. आत छत उंच झालं, जमिनीवर संगमरवर आला, आणि दारासमोरच्या टोकाला चर्चमध्ये असतो तसा अर्धगोल कोनाडा. आज आपण जे दालन पाहतो ते हेच, फक्त गरुड आणि स्वस्तिक नाहीत.

युद्धानंतरची पहिली बिएनाले १९४८ ची. त्या वर्षी या दालनात जर्मनीचं काहीच नव्हतं. तिथे फ्रेंच इम्प्रेशनिस्टांचं प्रदर्शन लागलं होतं! मोने आणि रेन्वार हायगरच्या भिंतींवर. (त्याच वर्षी यादवी युद्धामुळे ग्रीसचं दालन रिकामं होतं, म्हणून तिथे पेगी गुगेनहाइम या अमेरिकन संग्राहक बाईंचा संग्रह मांडला गेला.) १९५० पासून पश्चिम जर्मनी परतली. तेव्हा निवड करणारे होते एबरहार्ड हान्फश्टेंगल. १९३७ मध्ये नाझींनी त्यांना बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संचालकपदावरून काढलं होतं. ज्यांना नाझींनी 'विकृत' ठरवलं, ते ब्लू रायडर आणि ब्रुके गटांचे चित्रकार, पॉल क्ले, ऑस्कर श्लेमर, यांना हान्फश्टेंगल एकामागून एक घेऊन आले. इमारत मात्र फारशी बदलली नाही. भिंतीवर क्ले आणि डोक्यावर हायगरचं छत, असं ते १९५० चं दशक गेलं.

इमारतीलाच हात घातला तो योसेफ बॉइसने, १९७६ मध्ये. कामाचं नाव 'ट्रामचा थांबा'. लहानपणी क्लेव्ह गावात ज्या थांब्यावर तो बसायचा त्याची आठवण. एक लोखंडी उभा खांब, त्यातून बाहेर येणारं माणसाचं डोकं, शेजारी ट्रामच्या रुळाचा तुकडा, आणि जमिनीतून थेट खाली, व्हेनिसच्या खाजणापर्यंत घेतलेलं एक बोअर. संगमरवराखाली काय आहे, हे त्याने अक्षरशः भोक पाडून पाहिलं.

१९८० मध्ये गेओर्ग बाझेलित्झने लाकडात ओबडधोबड तासलेली एक आकृती ठेवली. अर्धवट उठलेली, एक हात वर. तो हात म्हणजे नाझी सलामच, असं अनेकांना वाटलं. सोबत आन्सेल्म कीफरची जळकी, राखेच्या रंगाची चित्रं. जर्मन समीक्षक खवळले; हे सगळं पुन्हा कशाला उकरताय, असा त्यांचा सूर होता.

आणि मग १९९३. हान्स हाके तेव्हा कित्येक वर्षं न्यूयॉर्कमध्ये राहत होता. जिथे पूर्वी गरुड होता त्या दारावर त्याने एक मार्कच्या नाण्याची भलीमोठी प्रतिकृती लावली, नाण्यावर वर्ष १९९०, दोन जर्मन्या एक झाल्या ते. दारातून आत पाऊल टाकलं की समोर लाल भिंत आणि तिच्यावर मघाशी म्हटलेला फोटो : हिटलर, १९३४, व्हेनिस बिएनाले. भिंतीला वळसा घालून आत गेलं की पूर्ण रिकामा हॉल. हॉलमधली हायगरची संगमरवरी फरशी फोडून तुकडे तुकडे केलेले. लोक त्या तुकड्यांवरून चालत, लाद्या पायाखाली हलत आणि खडखड करत, आणि उंच छतामुळे तो आवाज हॉलभर घुमे. समोरच्या अर्धगोल भिंतीवर एकच शब्द, जर्मानिया. बाकी काही नाही. बाजूच्या खोल्यांत नाम जून पाइकचे टीव्ही आणि लेझर. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट दालनाचा सुवर्णसिंह, म्हणजे बिएनालेचा मोठा पुरस्कार, जर्मनीला मिळाला.

त्यानंतर ग्रेगोर श्नायडरने (२००१) आत स्वतःच्या घराच्या कोंदट खोल्या बांधल्या, इझा गेन्झकेनने (२००७) इमारत बाहेरून परांची आणि नारिंगी जाळीने झाकून टाकली, आने इम्होफने (२०१७) जमिनीच्या वर काचेची दुसरी जमीन घातली आणि तिच्याखाली माणसं रांगत राहिली, बाहेर कुंपणामागे डोबरमन कुत्रे. श्नायडर आणि इम्होफ दोघांच्याही वेळी पुन्हा सुवर्णसिंह.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते २०२२ चं, मारिया आइशहॉर्नचं काम. तिची मूळ कल्पना अशी की प्रदर्शनापुरती ही इमारत उचलून दुसरीकडे न्यायची, जार्दिनीत जागा मोकळी ठेवायची आणि नंतर परत आणून ठेवायची. त्यासाठी तिने तज्ज्ञांकडून खरोखर अभ्यास करून घेतला. प्रत्यक्षात केलं ते असं : ठरावीक जागी भिंतींचा गिलावा उतरवला आणि जमीन पायापर्यंत खणली. १९०९ ची वीट कुठे संपते, १९३८ ची कुठे चढते, बुजवलेली दारं कुठे आहेत, तो सांधा उघडा पडला. इतर भिंती पांढऱ्या, हॉल रिकामा. त्यासोबत व्हेनिस शहरात फॅसिझमविरुद्ध लढलेल्यांच्या जागा दाखवणाऱ्या पायी फेऱ्या.

मी तो सांधा जवळून पाहिला. खालच्या विटांची ठेवण वेगळी, वरच्यांची वेगळी, मध्ये चुन्याची एक वाकडी ओळ. एवढंच. पण इतकी वर्षं 'नाझी इमारत' म्हणून ओळखल्या गेलेल्या भिंतीच्या आत ते जुनं, लहान देऊळ अजून उभं आहे, हे त्या ओळीमुळे कळतं.

ही इमारत पाडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती सुंदर आहे म्हणून मुळीच नाही. दर दोन वर्षांनी एका कलाकाराला तिच्यासमोर उभं राहून काही तरी उत्तर द्यावं लागतं, ते उत्तर देणं थांबू नये म्हणून. तुम्हाला काय वाटतं?

गवंडी

उत्तम धागा. व्यवसायाने वास्तुविशारद आहे, म्हणून इमारत माणसावर कसं काम करते त्याबद्दल थोडं.

हायगरने केलेले बदल कागदावर फार वाटत नाहीत. मूळ पाया बराचसा तोच, मूळ भिंती बऱ्याचशा त्याच. पण दोंगीच्या देवळात गोल खांब होते. गोल खांबाभोवती नजर वळते, उजेड हळूहळू सावलीत जातो. चौकोनी खांबाला कडा असते आणि कडेवर सावली कापल्यासारखी पडते. ओळीने उभे केले की ते पहारेकऱ्यांसारखे दिसतात. त्यात पायऱ्या, त्यात माणसाच्या मापाशी नातं न ठेवणारं दार. आत गेलात की बाजूला खिडकी नाही, उजेड फक्त वरून. आणि समोर तो अर्धगोल कोनाडा, जिथे चर्चमध्ये वेदी असते. म्हणजे आत शिरताच पाय सरळ पुढे जातात आणि मान वर होते. तिथे काहीही ठेवा, साधी खुर्ची ठेवा, ती पूजेला ठेवल्यासारखी दिसेल. कलाकारांची खरी अडचण ही आहे. इतिहास माहीत नसला तरी शरीराला ते कळतं.

म्हणून इम्होफची काचेची जमीन मला वास्तूच्या दृष्टीने फार नेमकी वाटते. तिने माणसांची मान खाली वळवली.

याच दालनांमध्ये वास्तुकलेची वेगळी आर्किटेक्चर बिएनालेही भरते, तिच्यातली दोन उदाहरणंही इथे यायला हवीत. २०१४ मध्ये आलेक्स लेनेरर आणि साव्वास चिरियाचिदिस या दोघांनी बॉनमधला चॅन्सेलर बंगला, झेप रुफने १९६४ मध्ये बांधलेला, खऱ्या मापात या दालनाच्या आत घुसवला. सपाट छप्पर, काच, बुटकी उंची. पश्चिम जर्मनीने स्वतःला जसं दाखवू पाहिलं ते घर, आणि त्याच्या डोक्यावर १९३८ चं छत. दोन्ही इमारती एकमेकींत अडकलेल्या. आणि २०१६ मध्ये निर्वासितांवरच्या प्रदर्शनासाठी भिंतींना चार मोठी भगदाडं पाडली. ४८ टनांहून जास्त विटा काढल्या, त्याही संरक्षित वास्तूच्या, रीतसर परवानगी घेऊन. त्या उन्हाळ्यात दालनाला दारंच नव्हती, कुणीही कुठूनही यावं. मधल्या हॉलमधून खाजणाचं पाणी दिसायचं. त्या इमारतीत बाजूने उजेड आणि वारा आलेला मी प्रथमच पाहिला.

जुना जेजे

अनवट वाट, लेख मनापासून लिहिलाय, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती सांगतोच.

हाकेच्या कामाने एक जबरदस्त वाट उघडली, पण तीच पुढे मळवाट झाली. जर्मनीचं दालन म्हटलं की फोडा, खणा, झाका, हे ठरल्यासारखं झालंय. कलाकार चाळीस वर्षं स्वतःचं काही घडवतो आणि व्हेनिसला गेला की त्याने इमारतीशी कुस्ती खेळायची. त्यात इमारत जिंकते, कारण लक्ष तिच्याकडेच जातं. हायगरचं नाव आज लोकांच्या तोंडी आहे ते कशामुळे? या कामांमुळेच.

या दालनात याहून शांतपणे झालेली मोठी कामं आहेत, ती लेखात आली नाहीत. १९७२ मध्ये गेरहार्ड रिश्टरने याच भिंतींसाठी '४८ चेहरे' रंगवले. ज्ञानकोशांतल्या फोटोंवरून केलेली, राखाडी, सगळी सारख्याच आकाराची तैलचित्रं : शास्त्रज्ञ, लेखक, संगीतकार. त्यात राजकारणी एकही नाही, आणि स्त्रीही एकही नाही, यावर पुढे टीकाही झाली. एका ओळीत लावलेल्या त्या चेहऱ्यांनी त्या देवळी हॉलचा स्वतःच्या कामासाठी उपयोग करून घेतला, त्याच्याशी भांडले नाहीत. १९८६ मध्ये सिग्मार पोल्केने हवेतल्या दमटपणाने रंग बदलणारं चित्र त्या अर्धगोल भिंतीवरच केलं. व्हेनिसची हवा चित्र बदलत होती. त्यालाही सुवर्णसिंह मिळाला. १९९० मध्ये बेर्न्ड आणि हिला बेशर यांचे पाण्याच्या टाक्यांचे, भट्ट्यांचे कृष्णधवल फोटो, आणि बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं! जेजेत असताना आम्ही त्या फोटोंच्या छापील प्रती तासन्‌तास पाहायचो. एकसारखा ढगाळ उजेड, एकसारखी चौकट, आणि तरी प्रत्येक टाकीला स्वतःचा चेहरा.

ही कामं इमारतीला उत्तर देत नव्हती, आणि तरी टिकली. कलाकाराने इमारतीला दर वेळी उत्तर द्यायलाच हवं, हा आग्रह मला मान्य नाही.

इझारकाठची

म्युनिकमध्ये राहते. इथे या दालनाची मोठी बहीण आहे, हाउस डेर कुन्स्ट. पाउल लुडविग ट्रोस्टने आराखडा केला, जुलै १९३७ मध्ये हिटलरच्या हस्ते उद्घाटन झालं. आणि दुसऱ्याच दिवशी, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, 'विकृत कला' हे प्रदर्शन उघडलं. हायगरने पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये जे केलं ते याच धाटणीचं.

युद्धानंतर इथे अमेरिकन सैन्याची खाणावळ होती. १९५५ मध्ये पिकासोचं मोठं प्रदर्शन झालं आणि 'गेर्निका' हे त्याचं युद्धविरोधी चित्र या इमारतीत आलं. २०११ ते २०१८ ओक्वुइ एन्वेझोर, नायजेरियात जन्मलेले, हे तिचे संचालक होते. २०१५ ची अख्खी व्हेनिस बिएनालेही त्यांनीच घडवली. ज्या इमारतीच्या पहिल्या प्रदर्शनात 'शुद्ध' जर्मन कला होती तिची सूत्रं त्यांच्या हाती होती, हे मी माझ्या मुलांना मुद्दाम सांगते.

इथला वाद वेगळा आहे. युद्धानंतर इमारतीसमोर झाडांची एक रांग लावली गेली. डेव्हिड चिपरफील्ड यांच्या नूतनीकरणाच्या आराखड्यात ती झाडं काढून दर्शनी भाग मोकळा करावा असं सुचवलं, आणि शहरात रान पेटलं. काहींचं म्हणणं, लपवू नका, आहे ते दिसू द्या. काहींचं म्हणणं, ते खांब पुन्हा दिमाखात का दाखवायचे? मला दुसरी बाजू पटते. व्हेनिसमध्ये वर्षातले काही महिने लोक तिकीट काढून, मनाची तयारी करून येतात. आमच्याकडे लोक रोज बसमधून जाताना ती इमारत पाहतात. तिथे दर वेळी कुणी कलाकार अर्थ लावून द्यायला उभा नसतो.

व्हेनिसचं दालन पाडावं अशी मागणी जर्मनीत झालेली आहे. २०१० मध्ये तर वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांनीच जाहीरपणे म्हटलं होतं की हे आजच्या लोकशाही जर्मनीला शोभत नाही, नवं बांधा. तेव्हा मला ते पटलं होतं. आइशहॉर्ननंतर मत डळमळलंय.

पाटीपेन्सिल

खूप नवीन कळलं, सगळ्यांचे आभार. प्रश्न आहे. नाम जून पाइक तर कोरियन ना? मग जर्मनीच्या दालनात कसे? राष्ट्रीय दालनात त्या राष्ट्राचेच कलाकार हवेत असा नियम नसतो का?

अनवट वाट

पाटीपेन्सिल, नियम नाही. कुणाला पाठवायचं ते त्या त्या देशाने ठरवायचं. पाइक जन्माने कोरियन, शिकले आणि घडले जर्मनीत, राहायचे न्यूयॉर्कला, आणि शिकवायचे ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत. कुणाला 'आपलं' म्हणायचं, या बाबतीत जर्मनीने बऱ्याच वेळा मन मोठं केलंय. २००५ मध्ये टिनो सेगाल. त्याचे वडील भारतीय, आई जर्मन. त्याने दालनात स्वतःची एकही वस्तू ठेवली नाही. पहारेकऱ्यांच्या वेषातली माणसं अचानक नाचत-गात प्रेक्षकांना म्हणत, हे किती समकालीन आहे! २००९ मध्ये लियम गिलिक हा ब्रिटिश. त्याने पाइनच्या साध्या लाकडात स्वयंपाकघराची कपाटं हॉलभर मांडली आणि एका कपाटावर बोलणारी मांजर बसवली. कपाटांचं मूळ मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की यांच्या फ्रँकफर्ट किचनमध्ये, म्हणजे साध्या कामगार घरांसाठी १९२० च्या दशकात आखलेल्या स्वयंपाकघरात. हायगरच्या देवळात स्वयंपाकघर!

आणि २०१३ मध्ये तर जर्मनी आणि फ्रान्सने दालनंच बदलली. दोन देशांच्या एलिझे मैत्री कराराला ५० वर्षं झाली होती. फ्रान्सचा आन्री साला, मूळचा अल्बानियाचा, जर्मनीच्या इमारतीत आला. जर्मनीने फ्रान्सच्या इमारतीत चार जण नेले : चीनचे आय वेइवेइ, दक्षिण आफ्रिकेचे सांतू मोफोकेंग, रोमुआल्ड कर्माकर आणि आपल्या दिल्लीच्या दयानिता सिंग. आय वेइवेइचं काम म्हणजे ८८६ जुनी तिपायी स्टुलं, एकात एक गुंफून छतापर्यंत गेलेली. दयानिताचं 'मोना अँड मायसेल्फ', त्यांच्या अनेक वर्षांच्या मैत्रीण मोना अहमद यांच्याबद्दल. भारताचं स्वतःचं दालन त्या वर्षी नव्हतं.

जुना जेजे, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. रिश्टर आणि बेशर यांना मी लेखात जागा द्यायला हवी होती असं तुम्हाला वाटणं बरोबर आहे, पण माझा विषय इमारत होता. 'इमारत जिंकते' हे मात्र मला पटत नाही. हाकेने फोडलेल्या फरशीवरून जे चालले त्यांना हायगर आठवत नाही, पायाखालचा तो आवाज आठवतो.

जुना जेजे

आवाजाचं मान्य. पण हाके एकदाच होतो. २०२४ मध्ये एर्झान मोंडटागने मुख्य दारात मातीचा ढीग घातला तेव्हा मी आधी कपाळाला हात लावला. मग आत काय होतं ते वाचलं आणि थांबलो. त्याचे आजोबा तुर्कस्तानातून कामासाठी आले, ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात खपले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. हॉलमध्ये त्यांचं घर उभं केलं होतं, धुळीने माखलेलं, आणि नट त्यात रोजचं जगणं जगत होते. तिथे दारातली माती हायगरसाठी नव्हती, आजोबांसाठी होती. इमारतीचा उल्लेखही न करता तिच्याबद्दल बोलता येतं, हे मला तिथे दिसलं. मला हवंय ते असं काम.

वर्धेकर

या धाग्यावर वर्ध्याचा संबंध येईल असं कुणाला वाटणार नाही, पण आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

२३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला पत्र लिहिलं. टंकलिखित, जेमतेम काही ओळींचं, पत्त्यात वर्धा. मित्रांनी आग्रह केला म्हणून लिहितोय, जगात आज युद्ध थांबवू शकेल असा माणूस तुम्हीच आहात, अशा आशयाचं. शेवटी, लिहिण्यात चूक झाली असेल तर क्षमा करा. ते पत्र ब्रिटिश सरकारने पोचूच दिलं नाही. सव्वा महिन्यात युद्ध सुरू झालं.

मुंबईचा जितीश कल्लाट, जेजेचाच विद्यार्थी, याने त्या पत्रावर 'कव्हरिंग लेटर' हे काम केलं. अंधाऱ्या खोलीत पाण्याच्या धुक्याचा पडदा, त्यावर पत्राच्या ओळी खालून वर सरकत जातात, आणि बघणारा त्या धुक्यातून चालत पलीकडे जातो. अक्षरं अंगावरून जातात, अंग थोडं ओलं होतं. हे काम २०१९ मध्ये व्हेनिसला भारताच्या दालनात होतं. म्हणजे ज्या शहरात हिटलर १९३४ मध्ये प्रदर्शन पाहून गेला, जिथे त्याच्या राजवटीची इमारत अजून उभी आहे, त्याच शहरात हे न पोचलेलं पत्र ८० वर्षांनी लोकांनी वाचलं. दोन्ही जागांमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर आहे.

सेवाग्रामला लहानपणापासून जातोय. बापू कुटीतलं ते बुटकं मेज, मातीची भिंत. अनवट वाट यांनी वर्णन केलेला तो संगमरवरी हॉल आणि ही कुटी एकाच दशकातल्या. गांधीजी सेवाग्रामला राहायला आले ते १९३६ मध्ये.

नीलमोहर

वर्धेकर, काय सुंदर दुवा जोडलात. त्याच दालनात नंदलाल बोस यांची हरिपुरा चित्रंही होती ना? गांधीजींच्या सांगण्यावरून १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी केलेली : ढोलकीवाला, शिंपी, सुतार, धान्य कांडणारी बाई. हायगरच्या खांबांचं आणि या चित्रांचं वर्ष एकच. दोन्हीकडे हेतू एकच होता, देश कसा दिसतो ते दाखवायचं. एकीकडे दगड आणि गरुड, दुसरीकडे मंडपाच्या वाटेवर टांगलेली, येणाऱ्या-जाणाऱ्या खेडूतांनी पाहावीत अशी चित्रं.

आणि आपल्या मुंबईच्या शकुंतला कुलकर्णी! वेतातून विणलेली चिलखतं. छातीला, खांद्यांना, डोक्याला पिंजऱ्यासारखी. ती अंगावर चढवून त्यांनी मुंबईत वेगवेगळ्या ठिकाणी स्वतःचे फोटो काढून घेतले होते. रक्षण आणि कोंडमारा दोन्ही एकाच वस्तूत. मी ती चिलखतं भारतात पाहिली आहेत, वेताच्या गाठी इतक्या बारीक की बोट फिरवायचा मोह होतो.

पण प्रश्न असा, की भारताला जार्दिनीत स्वतःची इमारत का नाही?

जुना जेजे

नीलमोहर, जार्दिनीतल्या जागा बहुतेक विसाव्या शतकात वाटल्या गेल्या. सुमारे तीस देशांच्या इमारती आहेत, आणि १९९५ मध्ये कोरियाचं दालन झाल्यावर जागा जवळजवळ संपलीच. बाकीचे देश आर्सेनालेत, म्हणजे जुन्या जहाजबांधणीच्या आवारात, किंवा शहरात वाडे भाड्याने घेऊन प्रदर्शन करतात. यात कमीपणा काही नाही.

दुखणं वेगळं आहे. २०११ मध्ये ललित कला अकादमीने रणजित होस्कोटे यांच्याकडे काम सोपवलं. मुंबईचे कवी, समीक्षक. त्यांनी झरीना हाश्मी, प्रणीत सोई, गिगी स्कारिया आणि गुवाहाटीचं डिझायर मशीन कलेक्टिव्ह असे कलाकार निवडले. न्यूयॉर्क, ॲम्स्टरडॅम-कोलकाता, दिल्ली, ईशान्य. भारत म्हणजे एकच केंद्र नव्हे, हे त्या निवडीतच होतं. गिगी स्कारियाने तर एक लिफ्ट बनवली होती, तुम्ही आत उभे राहता आणि तिन्ही बाजूंनी पडद्यांवर इमारतीचे मजले, तळघरापासून गच्चीपर्यंत, वर-खाली सरकतात. असं दालन उभं राहिलं आणि पुढच्या वेळी काहीच नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे रशीद राणा यांचं भारत-पाकिस्तान एकत्र प्रदर्शन झालं, तेही गुजराल फाउंडेशन या खाजगी संस्थेमुळे. अधिकृत दालन नव्हे. मग एकदम २०१९. मग २०२२ आणि २०२४ पुन्हा रिकामी. २०२६ साठी अमीन जाफर यांच्याकडे काम दिल्याची घोषणा झाली तेव्हा आनंद झाला, पण त्याच्या पुढच्या वेळेचं काय, हा प्रश्न मनातून जात नाही.

गवंडी

आइशहॉर्नच्या खड्ड्यांचं पुढे काय झालं ते इथे सांगतो, कारण जुना जेजे यांच्या शेवटच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. २०२३ च्या आर्किटेक्चर बिएनालेत जर्मन गटाने तिचं काम बुजवलंच नाही. उघडा पाया, खरवडलेल्या भिंती तशाच ठेवल्या आणि २०२२ च्या वेगवेगळ्या देशांच्या दालनांतून उरलेलं सामान, लाकूड, प्लायवूड, कापड, फरश्या, गोळा करून हॉलमध्ये रचलं. प्रत्येक वस्तू कुठल्या दालनातून आली त्याची नोंद. आत एक कार्यशाळा उघडली, आणि त्या सामानातून विद्यार्थ्यांनी कारागिरांसोबत व्हेनिसच्या वस्त्यांमध्ये डागडुजी केली. चाकाची खुर्ची जाऊ शकेल असा उतार दालनाच्या दर्शनी पायऱ्यांवर बांधला. चौकोनी खांबांच्या ओळीसमोर साधा उतार. १९०९ पासून त्या दारापर्यंत पायऱ्या चढूनच जावं लागत होतं.

अनवट वाट

गवंडी, उताराबद्दल आवर्जून लिहिलंत त्याबद्दल आभार. कलासमीक्षेत तो कुणी फारसा नोंदवत नाही.

जुना जेजे, तुमच्या प्रश्नावर मला एवढंच म्हणायचंय. जर्मनीकडे दालन आहे म्हणून सातत्य आहे असं वाटतं, पण नुसती इमारत कुणाला बोलावत नाही. १९७१ पासून श्टुटगार्टची इफा ही संस्था परराष्ट्र खात्याच्या वतीने हे काम पाहते. सरकारं बदलली, दोन देशांचा एक झाला, पण क्युरेटर नेमायचा, पैसे बाजूला ठेवायचे, आधीच्या प्रदर्शनांची कागदपत्रं जपायची, हे कुणाच्या तरी टेबलावर कायम आहे.  २०११ च्या आपल्या दालनाचे आराखडे, पत्रव्यवहार, मांडणीचे फोटो आज एका ठिकाणी पाहायचे असतील तर कुठे जायचं? कुणी त्या कामाशी जवळून संबंधित असेल, किंवा कुणाकडे २०११ चा कॅटलॉग असेल, तर कृपया इथे लिहा. भारताच्या दालनावर वेगळा धागा काढायचा विचार आहे. वर्धेकर आणि नीलमोहर, त्यात तुम्ही हवेच आहात.